लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याचं फिल्म स्टडीजमधलं एमए : दीड वर्षानंतर

तीन सेमिस्टर झाली, चौथं चालू आहे. मधल्या काळात ओळखीतल्या चार-पाच जणांनी फोन करून विचारलं, "करू का रे? पैसे वसूल होतात का?" प्रत्येकाला तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला अजून पास व्हायचंय.

मी नाशिकला सिडकोत राहतो. बारा वर्षं लग्नं शूट करतोय, एडिटिंगही माझंच. शिक्षण बी.कॉम., तेही रखडत. या एमएला कुठल्याही शाखेची पदवी चालली. एक लेखी परीक्षा आणि मुलाखत झाली. मुलाखतीत "का करायचंय?" असं विचारलं. मी म्हटलं, "सिनेमा शिकायचाय." समोरच्या बाई हसल्या. का हसल्या ते पंधरा दिवसांत कळलं.

इथे सिनेमा बनवायला शिकवत नाहीत. ज्याला कॅमेरा हातात धरायचाय त्याच्यासाठी पुण्याची एफटीआयआय (सिनेमा बनवायला शिकवणारी सरकारी संस्था) वगैरे संस्था आहेत, त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी, तयारी वेगळी. मराठीत एमए केलं म्हणून कोणी कादंबरी लिहायला शिकवत नाही, तसंच हे. सिनेमा पाहायचा, परत पाहायचा, त्यावर लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचं आणि मग आपण लिहायचं. आपल्या विद्यापीठांत हा विषय तसा अलीकडचा. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९९३ साली स्वतंत्र विभाग निघाला, तो देशातला पहिला मानतात. माझ्या बॅचमधल्या तिघांनी, इथे सिनेमा बनवायला शिकवत नाहीत, हे न समजून घेताच फी भरली होती. दोघं पहिल्या सेमिस्टरनंतर दिसले नाहीत.

वर्ग आठवड्यात तीन संध्याकाळी ऑनलाइन, आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार पुण्यात. नाशिक-पुणे दोनशे दहा किलोमीटर आहे, पण ते चाकणला विचारा. एसटीने पाच तास धरायचे, आणि चाकणच्या ट्रॅफिकवर सोडून द्यायचं. परतीच्या गाडीत मी असाइनमेंट मोबाइलवर बोलून टाइप करायचो. शेजारचे काका एकदा म्हणाले, "भाऊ, हे मोन्टाज काय औषध आहे का?"

आता मुख्य गोष्ट. पहिल्या सेमिस्टरला सोव्हिएत मोन्टाज होतं, म्हणजे शॉटला शॉट जोडून अर्थ तयार करायची पद्धत. त्यात लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग येतो, साधारण १९२० च्या आसपासचा. नटाचा एकच निर्विकार चेहरा घ्यायचा आणि त्याच्या शेजारी कधी सूपची वाटी, कधी शवपेटीतली मुलगी, कधी बाई जोडायची. प्रेक्षक म्हणतात, काय भुकेला दिसतोय, काय दुःखी दिसतोय. चेहरा तोच. प्राध्यापक हे मोठ्या उत्साहाने सांगत होते आणि मी कानकोंडा होऊन बसलो होतो. कारण हे मी बारा वर्षं करतोय. नवरीच्या आईच्या डोळ्यांत होमाच्या धुराने पाणी येतं, सकाळी साडेदहाला. तो शॉट मी उचलतो आणि संध्याकाळच्या पाठवणीत टाकतो. व्हिडिओ पाहून आईचाच फोन येतो, "किती बरोबर पकडलंत हो तुम्ही!" याला आम्ही एडिटर लोक 'इमोशन भरणं' म्हणतो. त्याला नाव आहे, इतिहास आहे आणि त्यावर शंभर वर्षं भांडणं चाललीत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मला या अभ्यासक्रमातून काय मिळालं विचाराल तर हे. नवं तंत्र एकही मिळालं नाही, हाताला आधीच येत असलेल्या गोष्टींची नावं मिळाली. आणि एकदा नाव कळलं की ती गोष्ट डोळे झाकून करता येत नाही, हा त्यातला तोटा. आता मी धुराचा शॉट पाठवणीत टाकताना दोन मिनिटं थांबतो. टाकतोच, धंदा आहे. पण थांबतो.

दुसरं म्हणजे फाळके. आम्हा नाशिककरांना फाळके म्हणजे पांडवलेणीच्या पायथ्याचं स्मारक आणि शाळेची सहल. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्म, १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र', १९४४ मध्ये नाशिकलाच निधन, एवढं पाठ. वर्गात कळलं की मूळ 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता आणि त्यातलं सुमारे १,४७५ फूटच आज उरलंय. तेही १९१३ चं की नंतर १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. मी हिशोबी माणूस, लगेच गणित मांडलं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे १६ चित्रं. सेकंदाला १६ फ्रेमने चालवलं तर एक फूट म्हणजे एक सेकंद, म्हणजे ३,७०० फूट एका तासाच्या वर जातात. तेच २४ फ्रेमने चालवलं तर एक्केचाळीस मिनिटं. 'चाळीस मिनिटांचा सिनेमा' असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते कुठून आलं असेल, याचा मला तेव्हा अंदाज आला. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग माणसागणिक बदलायचा, त्यामुळे एकच खरी लांबी सांगताच येत नाही. प्राध्यापकांनी हे फळ्यावर घेतलं. दीड वर्षातला तो माझा सर्वांत चांगला दिवस.

फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय. सिनेमाच्या सुरुवातीला गोष्ट नाहीच. ही सात वर्षांची पोर कॅमेऱ्यासमोर नुसत्या मुद्रा करून दाखवते, राग, हसू, रडू, आणि मग कृष्णाच्या वेशात येते. म्हणजे तिकडे कुलेशोव्हच्या प्रयोगात एका चेहऱ्यावर काही नसताना प्रेक्षक सगळं पाहतात, आणि इकडे साधारण त्याच काळात नाशिकच्या कंपनीत एक बाप सांगतोय की चेहराच सगळं करतो, बघा. मी दुसऱ्या सेमिस्टरचा निबंध यावरच लिहिला. लिहिताना तो प्रसंग सतरा वेळा पाहिला. पोरगी रडून झाल्यावर क्षणभर कॅमेऱ्याच्या बाजूला बघते, बहुतेक बापाकडेच. असं मला वाटतं. मार्गदर्शकांनी समासात 'पुरावा?' एवढंच लिहिलं.

आता तक्रारी.

सगळं वाचन इंग्रजीत, तेही असं की एक वाक्य संपायला अर्धं पान लागतं. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासक बाईंचा १९७५ चा पुरुषी नजरेवरचा, म्हणजे सिनेमात कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या नजरेने बघतो यावरचा, निबंध सगळे नेमतात. तो समजून घ्यायला मला आठ दिवस लागले, आणि समजल्यावर तो मुद्दा बायकोला चहा होईस्तोवर सांगून झाला. ती म्हणाली, "हे कळायला निबंध लागतो?" मग तिने आमच्याच कामातल्या नवरीच्या मेकअपच्या स्लो-मोशन शॉटकडे बोट दाखवलं. मी गप्प बसलो. मुद्दा असा की मराठीत या विषयाचं लिखाण आहे, चांगलं आहे, पण आमच्या यादीत त्यातलं एकही नाव नव्हतं. उत्तरपत्रिका मराठीत लिहायची कागदोपत्री मुभा आहे, पण तपासणारा मिळेल का, याचं उत्तर कार्यालयातून अजून आलेलं नाही.

पडद्यावर सिनेमा फार थोडा दाखवला. बरेचसे सिनेमे लॅपटॉपवर, लिंकवरून. नाशिकमध्ये जुने जागतिक सिनेमे पाहायला नेमाने जावं अशी जागा नाही. एखादा महोत्सव, एखाद्या मंडळाचा कार्यक्रम, मध्ये शांतता. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्याचा फायदा पुण्याच्या पोरांना होतो. आम्ही शनिवारी पोहोचून रविवारी परत.

वेळापत्रक तर लग्नसराई बघूनच केल्यासारखं. सम सेमिस्टरची परीक्षा बरोबर मे महिन्यात. मागच्या वर्षी एका पेपरच्या आदल्या रात्री हळद होती, नांदूर नाक्याला. डीजेसमोर गिम्बल (कॅमेरा न हलू देणारा दांडा) धरून मी मनात नववास्तववादाची, म्हणजे महायुद्धानंतर इटलीत खऱ्या रस्त्यांवर काढलेल्या सिनेमांची, वैशिष्ट्यं घोकत होतो.

नोकरीचं थोडक्यात: हे एमए करून कोणी दारात गाडी घेऊन येत नाही. मास कम्युनिकेशनच्या विभागांत शिकवणं, संग्रहालयं, महोत्सवांची निवड, लेखन, एवढ्यात जे असेल ते. माझा धंदा आहे म्हणून मला परवडलं. फीपेक्षा प्रवासाला आणि सोडलेल्या ऑर्डरींना जास्त पैसे गेले, तो हिशोब आधी करा. आणि नुसती आवड असेल तर आधी पुण्यातला उन्हाळ्यातला फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स बघा, महिनाभरात आपलं आपल्याला कळतं.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. त्यातला एक पूर्ण गुण फाळक्यांच्या फुटांचा.

सध्या लघुप्रबंध चाललाय. मी विषय दिला होता, नाशिकच्या लग्नाच्या व्हिडिओतलं पाठवणीचं दृश्य, व्हीएचएस कॅसेटपासून ड्रोनपर्यंत. पहिल्यांदा नाकारला, "एखादा दिग्दर्शक घ्या" म्हणाले. मी माझ्या कपाटातल्या जुन्या कॅसेटी घेऊन गेलो आणि तीन पाठवण्या लावून दाखवल्या. तिसऱ्या कॅसेटमध्ये कॅमेरावाल्याने नवरी सोडून गाडीच्या काचेतला वडिलांचा चेहरा धरला होता, हलत, अंधुक. परत लावा म्हणाले. परत लावला. विषय मंजूर झाला. तो कॅमेरावाला कोण होता ते मी पंचवटीतल्या जुन्या स्टुडिओवाल्यांकडे विचारत फिरतोय. कुणाकडे कॅसेटवर स्टुडिओचा शिक्का असलेल्या १९९० च्या दशकातल्या पाठवण्या असतील तर बुरशी लागायच्या आत मला द्या, फुकट डिजिटल करून देतो.