सरकारी रोजगार सेवा केंद्र: माझा 14 महिन्यांचा अनुभव

कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मला लेथवर 22 वर्षं झाली होती. चार दिवसांतच हात शिवशिवायला लागले, म्हणून सरकारी केंद्रात नाव नोंदवलं. नोंदणीला पैसे पडत नाहीत. पडूच नयेत; सार्वजनिक रोजगार सेवा मोफत असावी, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1948 च्या 88 क्रमांकाच्या करारातच आहे.

तिथल्या समुपदेशक बाईंना पैकीच्या पैकी गुण. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, अर्जातलं नुसतं ‘मशीन ऑपरेटर’ खोडलं आणि विचारलं, “मापं कशावर घेता?” मग लिहिलं: ‘टर्नर, मायक्रोमीटरवर 0.01 मिलिमीटरपर्यंत अचूक काम’. त्या एका ओळीवर दोन ठिकाणांहून बोलावणं आलं.

प्रशिक्षणावर मात्र मी नाराज आहे. सहा आठवडे संगणकावर माहिती भरायला शिकवलं, प्रमाणपत्र दिलं, आणि त्या कामाची एकही जागा आसपास नव्हती. आधी मालकांना विचारा कोण हवंय, मग वर्ग भरवा!

आणखी एक. आठवड्यात एक तास मजुरी केली तरी आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार माणूस रोजगारात धरतात. मी दोन दिवस पोती उचलली, त्या आठवड्यात हिशेबाने मीही बेरोजगार नव्हतो. तेव्हा नुसता घटलेला आकडा बघून समाधान मानू नका, कळकळीने सांगतो.

सध्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी. नोंदणीला जाताना जुन्या पगाराच्या पावत्या आणि अनुभवाचा दाखला न्या.