मोहल्ल्यातली बिनव्याजी पेढी: बांगड्या ठेवल्या, बांगड्या परत आणल्या

चिपळूणला आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या आवाराला लागून एक खोली आहे. एक लोखंडी कपाट, एक लाकडी टेबल, एक खिडकी. सगळे तिला बैतुलमाल, म्हणजे समाजाचा सामाईक खजिना, म्हणतात. इथे सोनं ठेवून बिनव्याजी कर्ज मिळतं. मी सप्टेंबर 2021 मध्ये 45 हजार उचलले आणि मार्च 2023 मध्ये फेडून मोकळी झाले. शिलाई टाकायला येणाऱ्या बायका अजून विचारतात, "आपा, खरंच व्याज घेत नाहीत? मागून काही लावतात का?" एकेकीला सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते.

व्याज घेत नाहीत. एक रुपयासुद्धा नाही. अर्जाचे आणि कपाटात ठेवायचे मिळून शंभर रुपये घेतात. कर्ज पाच हजारांचं असो की पन्नास हजारांचं, शंभरच. हे मी मुद्दाम खोदून विचारलं होतं, कारण रकमेच्या टक्क्यांत फी लावली की ते नाव बदललेलं व्याजच होतं. खिडकीवरचे चाचा म्हणाले, "बरोबर विचारलंस बाय. खर्च जेवढा, तेवढंच घ्यायचं. त्याच्या वर घेतलं तर आम्ही ही खिडकी कशाला उघडली?"

आता मी तिथे का गेले ते सांगते. 2021 ची बकरी ईद 21 जुलैला होती. ईदचे कपडे देऊन झाले होते आणि एका लग्नाचे अकरा ड्रेस कापून ठेवले होते. रात्रभर पाऊस कोसळत होता. 22 ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी दारातून आत आलं आणि बघता बघता ओट्यावर चढलं. 2005 चा पूर आम्ही पाहिलेला होता, म्हणून वाटलं तेवढ्यावर थांबेल. थांबलं नाही. मुलांना घेऊन शेजाऱ्यांच्या माडीवर गेलो. पाणी उतरल्यावर खाली आले तर गुडघाभर चिखल, फ्रीज आडवा पडलेला, आणि त्यात कुर्बानीच्या गोश्ताचा गरिबांचा वाटा, जो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायचा म्हणून मी पिशव्या बांधून ठेवला होता. मला सगळ्यात जास्त रडू त्या पिशव्या बघून आलं. तीन मशिनी होत्या, एक साधी, एक पिकोची, एक ओव्हरलॉक. मोटरीत चिखल, टेबलांचा प्लाय फुगून पापुद्रे सुटलेले. लग्नाच्या कापडाचा रंग एकमेकांत उतरलेला, ते भरून द्यायचं होतं ते वेगळंच.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, सब्र कर, धीर धर. कुराणात आहेच ते. भीती, भूक, माल, जीव आणि पिकं यांच्या नुकसानीने तुमची परीक्षा घेतली जाईल, आणि सब्र करणाऱ्यांना खुशखबर द्या. सूरह बकरा या अध्यायातली 155 वी आयत, म्हणजे वचन. माझा त्यावर ईमान आहे, त्या चिखलात उभी असतानाही होता. पण त्याच आठवड्यांत माझ्या दारात एका छोट्या कर्जाच्या कंपनीची वसुलीवाली बसलेली असायची. पुराआधी मी बायकांच्या गटातून 30 हजार घेतले होते, हप्ता दर आठवड्याला. मशीन बंद, हात रिकामे, तरी हप्ता द्या. माझा चुकला की गटातल्या बाकीच्या चौघींना बसवून ठेवायचे, संध्याकाळपर्यंत. त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी जमिनीकडे. सब्र फक्त मीच करायचा होता. जिला घेणं होतं ती एक दिवस थांबायला तयार नव्हती.

शेवटी अम्मीने लग्नात दिलेल्या दोन बांगड्या काढल्या. 18 ग्रॅम. त्या मळकट रुमालात बांधून पेढीत गेले तेव्हा मान वर होत नव्हती. चाचांनी ते ओळखलं असावं. म्हणाले, "पैगंबर साहेबांची वफात झाली तेव्हा त्यांचं चिलखत मदिनेत एका यहुदी माणसाकडे गहाण होतं, घरात जव आणण्यासाठी. गहाण ठेवण्यात शरम असती तर त्यांनी ठेवलं असतं का?" ही हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांबद्दलची आठवण, मी लहानपणी मदरशात ऐकली होती. पण माझ्या रुमालाशी तिचा संबंध आहे हे त्या खिडकीपाशी कळलं.

कामाची पद्धत सांगते. मोहल्ल्यातली माणसं, त्यात आखातात नोकरीला असलेली बरीच, आपले पैसे इथे अमानत म्हणून ठेवतात. त्यांनाही व्याज मिळत नाही. त्यातून कर्ज दिलं जातं. जकातीचा, म्हणजे दरवर्षी काढायच्या सक्तीच्या दानाचा, पैसा वेगळा असतो, त्याची वही वेगळी, तो कर्जात फिरवत नाहीत. सोनार दर सोमवारी आणि गुरुवारी येतो, तुमच्यासमोर वजन करतो, कस पाहतो. त्या दिवशीच्या भावाच्या साधारण साठ टक्के रक्कम मिळते. आधार कार्ड, दोन फोटो, एक जामीन. दागिन्याची पावती नसली तरी अडत नाही (माझी पुरात गेली होती). सगळं लिहून घेतात, वाचून दाखवतात, मग सही. कुराणातली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याची लिखापढी कशी करायची यावरच आहे. इथे कागद खरोखर तसा होतो, कलम न् कलम कळेपर्यंत.

बांगड्या मी एका छोट्या थैलीत घातल्या. थैली त्यांनी दिली, पण दोरा माझा होता. पर्समध्ये हिरव्या रेशमी दोऱ्याची रीळ होती, त्याने तोंड गुंडाळून गाठ मारली. चाचांनी गाठीवर लाख ओतली आणि त्यावर शिक्का दाबला.

पैशातून आधी गटाचं कर्ज मिटवलं, मग दोन मोटरी नव्या घेतल्या. महिना तीन हजार फेडायचं ठरवलं होतं. सहा महिने नीट गेले. मग मुलाला टायफॉइड झाला आणि दोन महिने काही देता आलं नाही. तिसऱ्या महिन्यात पाय ओढत गेले, काय ऐकावं लागेल याची तयारी करून. चाचांनी वही उघडली, दोन रकान्यांत आडवी रेघ मारली आणि बाजूला उर्दूत काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलंत. म्हणाले, "मुहलत." म्हणजे वाढीव सवड. सूरह बकरामधलीच 280 वी आयत त्यांनी सांगितली: कर्जदार तंगीत असेल तर त्याची सवड होईपर्यंत थांबा, आणि सोडून दिलंत तर तुमच्यासाठी ते आणखी चांगलं. म्हणजे इथे सब्र कर्ज घेणाऱ्याला नाही, कर्ज देणाऱ्याला सांगितलाय. मी ती आयत आयुष्यात कितीदा तरी वाचली असेल. ती मला लागू झालेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आमच्याच रांगेत मच्छी विकणारी एक शेजारीण उभी असायची, मंगळसूत्राची वाटी घेऊन आलेली. तिला तोच फॉर्म, तेच शंभर रुपये, तीच मुदत. कुणी नाव वाचून वर पाहिलं नाही.

आता खटकलेल्या गोष्टी, आणि त्या लहान नाहीत.

खिडकी असर ते मगरिब, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजापासून सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत, एवढीच उघडी असते. तीच वेळ मुलं शाळेतून यायची आणि चुलीची. बायकांना बसायला जागा नाही, पुरुषांच्या रांगेच्या कडेला भिंतीला टेकून उभं राहायचं. एका बाईला तर सोनं दाखवताना ओढणीची आड करावी लागली होती. कमिटीत एकही बाई नाही.

जामीन पुरुषच लागतो. मी माझ्या मोठ्या बहिणीला घेऊन गेले होते, ती शाळेत शिक्षिका आहे, दर महिन्याला पगार येतो. चालत नाही म्हणाले. शेवटी दिराला हातापाया पडून आणावं लागलं. कर्जाच्या ज्या आयतीवर ही पेढी चालते तिच्यात बायकांच्या साक्षीचा उल्लेख आहे. अल्लाने जिला साक्षीत धरलंय तिला कमिटी दारात का थांबवते, हे मी चाचांना विचारलं. ते गप्प राहिले. ते स्वतः वाईट नाहीत, नियम त्यांनी केलेला नाही.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे ज्याच्याकडे सोनं नाही त्याला ही खिडकी बंद आहे. पुरानंतर माझ्या गल्लीतल्या धुणंभांडी करणाऱ्या दोघींना हात हलवत परत जावं लागलं. जकात कुणाला द्यायची ते सूरह तौबामध्ये आठ प्रकारांत सांगितलंय, त्यात कर्जात बुडालेल्यांचं नाव स्पष्ट आहे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतका माल वर्षभर राहिला की अडीच टक्के काढायचे. आमच्या मोहल्ल्यात तो काढणारी घरं भरपूर आहेत. मग जकातीच्या वहीतून या दोघींच्या गटाचे हप्ते का फेडले गेले नाहीत? ती खैरात नव्हे, त्यांचा हक्क आहे. कुराणात शब्दच तो आहे, मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क. हे मी कमिटीला लेखी दिलंय. बहिणीची सही आहे, मच्छीवाल्या शेजारणीची आहे, त्या दोघींचे अंगठे आहेत.

पाचपैकी चार तारे देते. पाचवा त्या अर्जाचं उत्तर आल्यावर.

मार्च 2023 मध्ये, रमजानचा चाँद दिसायच्या आठवड्यात शेवटचे तीन हजार भरले. चाचांनी कपाटातून थैली काढून टेबलावर ठेवली. लाख कुठे चिरलेली नव्हती. खाली हिरवा दोरा, मी गुंडाळला तेवढेच वेढे. त्यांनी कात्री पुढे केली, पण मी ती गाठ दातानेच तोडली.