पबमेडचं नाव सांगून ७१,३९० रुपयांची टोपी

एका भुरट्या संशोधन-जर्नलने माझा पेपर छापायचे म्हणून उकळले, एकूण ७१,३९० रुपये. त्यातले ८,८५० ‘लँग्वेज एडिटिंग’चे आणि ६२,५४० ‘ओपन अ‍ॅक्सेस’चे, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाने भरायचे, दोन्ही १८ टक्के जीएसटी धरून. आकडा आधीच सांगून टाकते, कारण पोलीस ठाण्यापासून आमच्या अकाउंट्सपर्यंत प्रत्येकाने पहिल्यांदा तोच विचारला, आणि तो ऐकल्यावर प्रत्येकाच्या तोंडून एकच निघालं : डॉक्टर असून?

हो, डॉक्टर असून. एका खासगी मेडिकल कॉलेजात पीएसएमला, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागात, असिस्टंट प्रोफेसर आहे. या धंद्यातल्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनएमसीच्या २०२२ च्या नियमांनुसार असोसिएट व्हायचं तर दोन पेपर हवे होते, लेखकांच्या यादीत पहिल्या तिनांत नाव हवं होतं किंवा कॉरस्पाँडिंग ऑथर (संपादकांशी पत्रव्यवहार करणारा लेखक) असायला हवं होतं, आणि जर्नल ठरावीक डेटाबेसपैकी, म्हणजे मान्य सूचींपैकी, एकात हवं होतं. माझा एक पेपर होता. दुसरा हवा होता. तो काही हवेतून काढलेला नव्हता. आश्रमशाळांमधल्या मुलींच्या रक्तक्षयावरचं काम होतं, सरकारी निधीतून केलेलं. मंजुरीपत्रात एक अट होती, निष्कर्ष सर्वांना विनामूल्य वाचता येतील असे प्रसिद्ध करावेत. अट चांगलीच आहे. लोकांच्या करातून झालेलं संशोधन लोकांना वाचता यायलाच हवं, आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी स्वतः सांगितलं होतं की सर, छापून आलं की लिंक पाठवते, तुम्हालाही उघडेल.

या अटीचा अर्थ काय, म्हणजे पैसे भरून ओपन अ‍ॅक्सेसमध्येच छापायचं का, हे मी निधी देणाऱ्या कार्यालयाला फोन करून विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘मॅडम, ओपन असलं पाहिजे एवढंच लिहिलंय. बाकी तुम्ही बघा.’ हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच कार्यालयाने मला शहाणपण शिकवलं.

‘डिअर एमिनंट रिसर्चर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ छापाच्या मेल मी रोज उडवते. या जर्नलची मेल तशी नव्हती. एका परिषदेत मी पोस्टर लावलं होतं, त्याचं शीर्षक, माझा विभाग, सहलेखकांची नावं, सगळं बिनचूक. इंग्रजी स्वच्छ. आणि खाली ओळ : जर्नल पबमेडमध्ये (वैद्यकीय पेपरांच्या अमेरिकी सरकारी सूचीत) उपलब्ध, अमुक देशांच्या पब्लिक अ‍ॅक्सेस धोरणांशी सुसंगत. सरकारी निधीवाल्याला नेमकं जे ऐकायचं असतं ते.

मी लगेच भुलले नाही. पबमेड उघडलं, जर्नलचं नाव टाकलं, शोधलं. सात पेपर आले.

हाच तो क्षण. आजही रात्री आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. जर्नल दर महिन्याला अंक काढतं म्हणे, मग पबमेडमध्ये सातच कसे? हा प्रश्न माझ्या मनात आला होता. नीट आला होता. मी एक पेपर उघडलासुद्धा. पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला उभ्या अक्षरांत ‘ऑथर मॅन्युस्क्रिप्ट, ऑथर मॅन्युस्क्रिप्ट’ असं वरपासून खालपर्यंत छापलेलं, आणि वर ‘एचएचएस पब्लिक अ‍ॅक्सेस’ अशी पट्टी. एचएचएस म्हणजे अमेरिकेचं आरोग्य खातं. मला वाटलं, व्वा, अमेरिकन सरकारचा शिक्का. सातही पेपरांचे लेखक अमेरिकेतले, सातही पेपरांच्या शेवटी एनआयएचच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेच्या, ग्रँटचे नंबर. मला ती जर्नलची प्रतिष्ठा वाटली! जे ओरडून सांगत होतं की बाई, पळ, तेच मी प्रशस्तिपत्र म्हणून वाचलं.

खरा प्रकार असा आहे, आणि हा आमच्या वर्कशॉपमध्ये एकानेही सांगितला नव्हता. एनआयएचच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा पेपर कुठेही छापून येवो, त्याची स्वीकारलेली प्रत पबमेड सेंट्रल या मोफत भांडारात जमा करणं २००८ पासून सक्तीचं आहे. आधी बारा महिन्यांपर्यंत कुलूप ठेवायची मुभा होती, १ जुलै २०२५ पासून तीही गेली. म्हणजे एखादा अमेरिकन संशोधक चुकून अशा भुरट्या जर्नलात छापून बसला, तरी नियमानुसार त्याची प्रत सरकारी भांडारात जाते आणि त्या एका पेपरची नोंद पबमेडमध्ये दिसते. जर्नल त्यामुळे इंडेक्स होत नाही. ते आपलं त्या पाच-सात नोंदी दाखवत जगभर ‘पबमेड, पबमेड’ करत फिरतं. लोकांना संशोधन फुकट वाचता यावं म्हणून केलेल्या नियमाचं या लोकांनी आमिष करून टाकलं.

तपासायचं असेल तर पबमेडच्या शोधखिडकीत तपासू नका. पबमेड चालवणाऱ्या अमेरिकी राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा एनएलएम कॅटलॉग उघडा, जर्नलचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) टाका, ‘करंट इंडेक्सिंग स्टेटस’ वाचा. तिथे मेडलाइनमध्ये (त्याच ग्रंथालयाच्या निवडक जर्नल्सच्या सूचीत) नाही, फक्त ऑथर मॅन्युस्क्रिप्टच्या नोंदी आहेत, असं लिहिलेलं असलं की विषय संपला. दोन मिनिटांचं काम.

आता मला मूर्ख म्हणायच्या आधी हेही ऐका. याच पेपरला त्याआधी एका नामांकित जर्नलने जवळपास वर्षभर ताटकळत ठेवून दोन ओळींत नकार दिला होता. त्या दोन ओळींत शास्त्रीय आक्षेप एकही नव्हता. वर डीनचा तगादा. ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘अगं, सगळे भरतात.’ आणि मोठमोठी, खरीखुरी जर्नल्सही ओपन अ‍ॅक्सेससाठी दीड-दोन हजार डॉलर मागतात, तिथे हे साठ हजारांत म्हणजे स्वस्तच वाटलं. आम्ही खासगी कॉलेजवाले. केंद्राने २५ नोव्हेंबर २०२४ ला ६,००० कोटींची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही जर्नल्सची वर्गणी सरकारने भरायची योजना मंजूर केली, पण ती सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या प्रयोगशाळांसाठी. आमच्या लायब्ररीत चांगली जर्नल्स दिसतात ती फक्त संदर्भसूचीत. चांगलं काय असतं ते वाचायलाच मिळत नसेल तर वाईट ओळखायचं कसं?

तर पेपर या जर्नलला पाठवला. रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांचा अभिप्राय, आठवड्याच्या आत आला. अ‍ॅबस्ट्रॅक्ट अडीचशे शब्दांत बसवा, इंग्रजी सुधारा, बाकी ‘उत्कृष्ट’. माझ्या टेबल तीनमध्ये टक्केवारीची बेरीज १०३ येत होती, ते मला नंतर स्वतःलाच दिसलं. रिव्ह्यूअरला दिसलं नाही, कारण रिव्ह्यूअर नव्हताच. इंग्रजी सुधारण्याचे ७,५०० अधिक जीएसटी, मग अ‍ॅक्सेप्टन्स, मग ५३,००० अधिक जीएसटी. पावतीवर जीएसटी नंबर होता म्हणून मी निर्धास्त. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायचं मला नंतर सुचलं. व्यवसायाचं नाव निघालं ट्रॅव्हल्सचं. तुम्ही पैसे भरायच्या आधी टाकून बघा, लॉगिनसुद्धा लागत नाही.

पेपर छापून आला, मी स्टेटस ठेवलं, पेढेसुद्धा वाटले. बढतीच्या छाननी समितीने तो एका ओळीत बाद केला : जर्नल मान्य डेटाबेसमध्ये नाही. म्हटलं, ठीक आहे, मागे घेते आणि दुसरीकडे पाठवते. तर उत्तर आलं, विथड्रॉवल फी ३०० डॉलर. कॉपीराइट आमचा. चोर तो चोर, वर शिरजोर. मागे घेतल्याशिवाय दुसरीकडे पाठवला तर डुप्लिकेट पब्लिकेशन, म्हणजे गुन्हेगार मीच. आणि त्यांची साइट कधी चालू असते, कधी नसते. मुख्याध्यापकांना मी अजून लिंक पाठवलेली नाही.

आता कारवाईचं ऐका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या मुलीने विचारलं पैसे कधी गेले, आणि तारीख ऐकून म्हणाली, आता ते पुढे सरकले असणार, पोर्टलवर तक्रार टाका. पोर्टलवर फसवणुकीचे इतके प्रकार दिलेत, त्यात हा बसेना. ‘इतर’मध्ये टाकला. तिथून ठाण्यात. साहेब भले गृहस्थ, चहाही दिला, पण म्हणाले, ‘मॅडम, त्यांनी छापतो म्हटलं आणि छापलं. मग फसवणूक कुठे झाली?’ मी पबमेडचं समजावलं. त्यांनी पेपरची प्रिंट मागितली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘याचा मराठीत तर्जुमा आणता का?’ नऊ पानी, त्यात लॉजिस्टिक रिग्रेशन. मी तोही करून दिला! त्याचं पुढे काय झालं विचारलं तर साहेबांची बदली झालेली.

बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः ओटीपी टाकून केलात, आम्ही काय करणार. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार कंपनीला पाठवली, कंपनीने कळवलं ‘सेवा दिली’, आणि तक्रार बंद. म्हणजे चोराला विचारलं चोरी केलीस का, तो नाही म्हणाला, फाइल मिटली. विद्यापीठाच्या संशोधन कक्षाने सांगितलं, आम्ही जर्नलची यादी ठेवत नाही. आमचे लायब्रेरियन आजवर यूजीसीच्या केअर यादीवर (मान्य जर्नल्सच्या यादीवर) भिस्त ठेवून होते, तर यूजीसीने तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि म्हटलं संस्थांनीच आपापलं बघावं. आमच्या संस्थेने काय बघितलं? मला खुलासा मागणारी नोटीस काढली.

आणि निधी देणारं ते कार्यालय. ज्यांनी ‘बाकी तुम्ही बघा’ म्हटलं होतं त्यांनी निधीच्या खर्चाचा हिशेब देणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर आक्षेप काढला : प्रकाशन शुल्क ६२,५४० रुपये अमान्य, रक्कम परत भरावी. का अमान्य? तर विनामूल्य उपलब्धतेसाठी शुल्क भरण्याची आवश्यकता नव्हती, स्वीकृत लेखाची प्रत भांडारात जमा करता आली असती. अहो, मग हे एक वाक्य त्या दिवशी फोनवर सांगायला काय झालं होतं? मंजुरीपत्रात छापायला किती शाई लागली असती? जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचं धोरण डिसेंबर २०१४ पासून हेच सांगतं. पैसे भरून छापण्याची सक्ती त्यात नाही, स्वीकारलेल्या लेखाची प्रत भांडारात ठेवा, झालं. नियम आहे, त्याची माहिती फक्त वसुलीच्या वेळी निघते.

अमेरिकेत निदान एकदा तरी कोणी मनावर घेतलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली अशाच आरोपांवरून एका हैदराबादी प्रकाशन कंपनीवर खटला भरला आणि २०१९ मध्ये कोर्टाने तिला ५ कोटी डॉलरहून जास्त भरायला सांगितले. कंपनी आपल्या देशातली, खटला त्यांच्या देशात.

पीजीच्या मुलांनो, तुम्हाला विशेष सांगते, कारण थिसिसनंतर तुमच्याच मागे हे लागतात. आयएसएसएन म्हणजे दर्जा नव्हे, तो अर्ज केला की मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधले लेख किती उद्धृत होतात याचा आकडा, तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत नसेल तर घरी छापलेला आहे. डीओएजे या ओपन जर्नल्सच्या सूचीमध्ये लेखकाकडून पैसे न घेणारी जर्नल्स वेगळी काढायची सोय आहे, आधी तिथे शोधा. जर्नलचा डीओएजेचा लोगो पाहून थांबू नका, लोगो कोणीही चिकटवतं, डीओएजेच्याच साइटवर नाव शोधा. संशय आला तर छापून यायच्या आत लेखी मेल करून पेपर मागे घ्या. छापल्यावर ते तुम्हाला सोडत नाहीत. आणि विथड्रॉवल फी भरू नका. एकाने भरली, तर त्यालाच आणखी २०० डॉलर ‘डीओआय डिलिशन’चे, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक काढायचे, मागितले.

मी ६२,५४० चा पहिला हप्ता भरलाय. ३०० डॉलर भरणार नाही. मूळ हस्तलिखित, पाठवल्याच्या तारखा आणि सगळा पत्रव्यवहार जोडून एका चांगल्या जर्नलच्या संपादकांना जे झालं ते स्पष्ट लिहून विचारलंय की असा पेपर विचारात घ्याल का. उत्तर यायचंय.

ज्यांना अशी मेल आली असेल, विशेषतः ज्यांच्या पावतीवर ट्रॅव्हल्सचा जीएसटी नंबर असेल, त्यांनी मेल उडवू नका. हेडरसकट (मेल कुठून आली हे दाखवणाऱ्या तांत्रिक ओळींसकट) जपा, पावती जपा आणि पोर्टलवर तक्रार टाकाच, भले ‘इतर’मध्ये टाका. नव्या साहेबांनी मला सांगितलंय की एकाच खात्याविरुद्ध चार-पाच तक्रारी जमल्या तर ते खातं गोठवायला लिहितील. सध्या एकच आहे, माझी.