निळं, लाल की जांभळं? गाडीच्या बोल्टला कोणतं लॉकटाईट लावायचं

गॅरेजमध्ये कुणी "लॉकटाईट लावलंस का रे" असं विचारलं की त्याला कंपनी म्हणायची नसते, हादऱ्याने बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं बाटलीतलं ते औषध म्हणायचं असतं, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. मीही इथे तसंच म्हणतोय. आणि पहिल्यांदा घेणाऱ्याचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, दुकानात निळं पण आहे, लाल पण आहे, लाल जास्त स्ट्राँग म्हणे, मग लालच घेऊ ना?

नका घेऊ. निदान पहिली बाटली तरी लाल नको.

माझ्या जुन्या सिंगल सिलिंडर बाईकच्या पुढच्या डिस्कचे बोल्ट एका गॅरेजवाल्याने लाल लावून बसवले होते आणि मला पत्ताच नव्हता. दोन वर्षांनी डिस्क बदलायला बसलो, एम८चे (८ मिमी जाडीचे) एलन बोल्ट, पहिला टक्क करून सुटला, दुसऱ्याला जोर लावला तर एलन की फिरली पण बोल्ट जागचा हलला नाही, आतली षटकोनी खाच घासून गोल गुळगुळीत. हीट गन धरून धरून हात दुखले पण उपयोग शून्य. शेवटी वेल्डिंगवाल्याने बोल्टच्या डोक्यावर एक नट वेल्ड केला, ते गरम असतानाच पाना लावला आणि लोण्यातून निघावा तसा बोल्ट बाहेर आला. कारण साधं आहे, लाल सोडवायला साधारण २५० डिग्रीपर्यंत तापवावं लागतं आणि वेल्डिंगने ते आपोआप झालं. पण बाजूच्या बेअरिंगचं सील गेलं ते गेलंच.

हे औषध हवेत सुकत नाही, उलट हवा मिळाली नाही आणि लोखंड-पितळेसारख्या धातूचा स्पर्श मिळाला की घट्ट होतं. अमेरिकेत व्हर्नन क्रिबल नावाच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरने १९५३ मध्ये यावर धंदा सुरू केला. म्हणूनच बाटली नवीन असूनही अर्धी रिकामी असते, दुकानदाराशी भांडू नका, आतली हवाच त्याला पातळ ठेवते. आणि बोल्ट आवळल्यावर बाहेर आलेला थेंब दुसऱ्या दिवशीही ओलाच दिसतो, तो फडक्याने पुसायचा, आतलं घट्ट झालेलं असतं.

आता तुलना. एम१०च्या बोल्टवर पकड सोडवायला लागणारा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, कंपनीच्या तक्त्यात साधारण असा आहे (कंसात बाटलीवरचा नंबर): जांभळं (२२२) ६ न्यूटन मीटर, निळं (२४३) २६, आणि जास्त ताकदीचं (२७०) ३३. तुम्ही म्हणाल २६ आणि ३३ मध्ये असा काय मोठा फरक? पहिला झटका जवळजवळ सारखाच, पण निळं एकदा तुटलं की पुढे सहज फिरतं, कडक ग्रेड मात्र शेवटच्या आट्यापर्यंत भांडत राहतं आणि तिथेच एलनची खाच जाते.

आणि हो, रंगावर डोळे झाकून जाऊ नका! हे २७० जास्त ताकदीचं आहे पण त्याचा रंग हिरवा आहे. २९० पण हिरवंच, पण ते वेगळंच प्रकरण, पाण्यासारखं पातळ, बोल्ट आधी आवळून मग वरून थेंब सोडायचा, आट्यांत आपोआप झिरपतं. दोन्ही हिरवे, काम मात्र वेगळं. त्यामुळे बाटलीवरचा नंबर वाचायचा.

मी कुठे काय लावतो ते सांगतो. डिस्कचे बोल्ट, चेन स्प्रॉकेटचे बोल्ट, फूटरेस्ट, क्रॅश गार्ड, साईड स्टँड, सगळीकडे निळं २४३, शिवाय थोडा तेलकटपणा असला तरी ते पकडतं, पण म्हणून ब्रेक क्लीनरने पुसायचा आळस करू नका. एम६ आणि त्याहून बारीक स्क्रूला जांभळं, कारण एम६चा बोल्ट आवळतानाच जेमतेम १० न्यूटन मीटर घेतो, त्यावर कडक औषध लावलं तर सोडवताना तुटायचाच. लाल फक्त तिथे, जिथे मॅन्युअल सांगतं आणि पुन्हा उघडायचा विचार नाही, जसं स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, इंजिनच्या केसिंगमध्ये कायमचे बसवताना.

कुठे लावायचं नाही? चाकाच्या नटला नाही, स्पार्क प्लगला नाही. सायलेन्सरच्या बोल्टला तर मुळीच नाही, तिथे साध्या ग्रेडची १५०-१८० डिग्रीची मर्यादा पार होते, तिथे कॉपरवालं अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट. प्लास्टिकला पण जपा, काही प्लास्टिकला यामुळे बारीक तडे जातात.

स्प्रिंग वॉशर पुरणार नाही का, असं काका लोक विचारतात. बोल्टवर आडवे हादरे बसत असतील तर नाही पुरत. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनीअरने १९६९ मध्येच दाखवून दिलं होतं की आडव्या हादऱ्याने आवळलेला बोल्ट आपण होऊन फिरत सुटतो, आणि तिथे स्प्रिंग वॉशर फारसा कामाचा नाही. नायलॉक नट चांगला, मागे नट बसायची जागा असेल तर मी तोच घेईन, फक्त इंजिनच्या गरम भागापासून लांब, आतली नायलॉनची रिंग उष्णता सहन करत नाही. आणि फेविक्विक लावणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार, ते कडक होऊन ठिसूळ बनतं, हादऱ्याने चुरा होतो.

लावताना एम८ला एक-दोन थेंब बास, बोल्टला आंघोळ घालायची नाही. बंद तळाचं भोक असेल तर थेंब भोकाच्या आट्यांवर खाली सोडा, बोल्टवर लावला तर अडकलेली हवा सगळं वर ढकलून देते. झिंक प्लेटिंग किंवा स्टेनलेस असेल तर हळू चढतं, एक रात्र द्याच, तसंही पूर्ण पकड यायला २४ तास लागतात. पुन्हा बसवताना आट्यांतला जुना कोरडा चुरा तारेच्या ब्रशने काढून नवीन थेंब.

घ्यायचंच तर २४३ची १० मिलीची बाटली घ्या, घरच्या बाईकला कित्येक वर्षं पुरते. फक्त नळीचं टोक बोल्टला टेकवू नका, धातूचा कण आत गेला की बाटलीतच गोळा होतो, माझी पहिली बाटली तशीच गेली.