पेट्रोलवर चालते की ऑइलवर? सेकंडहँड गाडीचे पंधरा महिने

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष कंपनीचा नाही, आधीच्या मालकाचा आणि थोडा माझ्या घाईचा आहे. 2012 चं मॉडेल, 1200 सीसी पेट्रोल, चार सिलिंडर, एमपी 09 (म्हणजे आमचं इंदूर) पासिंग, बाकी काय ते तुम्ही ओळखालच. मार्च 2024 मध्ये 2 लाख 10 हजारांना घेतली, मीटरवर 78,400 किमी. एसी, क्लच, सस्पेन्शन याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळं ठीक. सीटवर चौघं बसतात, डिकीत दोन बॅगा आणि शेवेचा डबा मावतो. पुढचं सगळं ऑइलबद्दल आहे. कंटाळा येईल त्यांनी इथेच थांबावं.

मे महिन्यात पलासियाच्या चौकात डावीकडे वळताना डॅशबोर्डवर ऑइलच्या दिव्याची लाल झारी चमकली आणि विझली. मला वाटलं ऊन पडलं असेल काचेवर. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला, पुन्हा चमकली. गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली, पुसली, घातली, काढली. कोरडी. खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला नुसता काळा ठिपका. मीटर 79,960. म्हणजे 1,560 किलोमीटरमध्ये गाडीनं दोन लिटर ऑइल फस्त केलं होतं, कारण वरच्या खुणेपर्यंत यायला बरोबर दोन लिटर लागलं. या इंजिनात येतंच साडेतीन लिटर!

आणि ती लाल झारी ऑइलची पातळी सांगत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ती प्रेशर सांगते. ऑइल इतकं कमी होतं की वळणावर ते चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते, तेव्हा ती पेटते. दिवा लागला तर बघू, असं म्हणणाऱ्याचं इंजिन तोवर अर्धं कामातून गेलेलं असतं.

रिंग रोडवरच्या ज्या डीलरकडून गाडी घेतली, त्याच्याकडे गेलो. घेताना म्हणाला होता, "भिया, इंजन एकदम मक्खन है." आता म्हणाला, "पुरानी गाडी है, थोडा तो खाएगी. कंपनी खुद लिखती है, हजार किलोमीटर पे एक लीटर नॉर्मल." घरी येऊन मॅन्युअल काढलं, तर तसं खरंच लिहिलेलं! अशी ओळ कितीतरी कंपन्यांच्या पुस्तकात असते, ग्राहकानं दारात उभं राहू नये म्हणून. पण माझी गाडी 780 किलोमीटरला एक लिटर खात होती, म्हणजे त्या ओळीच्याही बाहेर. पुन्हा गेलो. इंजिन-गिअरबॉक्सची सहा महिन्यांची वॉरंटी दिली होती ना? त्यानं कागद पुढे सरकवला. ऑइल, फिल्टर, प्लग, गॅस्केट ही सगळी झिजणारी सामग्री, वॉरंटीत नाही. "इंजन तो चल रहा है ना?" चालतंय, हे मला मान्य करावंच लागलं. त्यानं चहा मागवला. मी प्यायलो नाही. आता वाटतं प्यायला हवा होता, तेवढीच दहा रुपयांची वसुली.

एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली. गाडी बघायला गेलो होतो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. "अभी अभी धो के लाए," असं म्हणाला होता. धुतलेली गाडी गरम कशाला असेल, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. सेकंडहँड गाडी बघायला जाल तर आधी बोनेटवर हात ठेवा. थंड असेल तर चालू करून सायलेन्सरमागे उभे राहा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा थांबतच नसेल तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय. माझी गाडी रोज सकाळी निळा सोडत होती, नेमका कचरागाडी येते त्या वेळेला. शेजारचे काका फाटकाशी उभे राहून म्हणाले, "देशातलं एक नंबरचं स्वच्छ शहर, रस्त्यावर थुंकलास तर दंड, आणि तू रोज मच्छर मारायचं मशीन सुरू करतोस." पीयूसी मात्र मिळाली. तिथवर जाताना गाडी गरम झालेली.

मग वही सुरू केली. दर रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी, अंगणातल्या त्याच फरशीवर (बाकीचं अंगण नळाकडे उतरतं, तिथे माप चुकतं), डिपस्टिक दोनदा पुसून. खालच्या आणि वरच्या खुणेत एक लिटरचा फरक. मी पट्टीवर नखानं चार भाग पाडले. आमच्या घरी आता रविवार म्हणजे पोहे, जिलेबी आणि डिपस्टिक. जुन्या बनियनचा प्रत्येक तुकडा त्या कामी लागलाय. बायको विचारते, "आज काय म्हणते पट्टी?" आणि मी खरंच सांगतो.

इथे माझं पहिलं मत. पहिल्या दोन मिस्त्र्यांनी एकच सांगितलं: रिंग (पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर जाऊ न देणाऱ्या) गेल्या, इंजिन खोलावं लागेल, रिंग-पिस्टन सगळं, 42 हजार. मी वहीत भागाकार केला. ऑइल 420 रुपये लिटर, भागिले 780, म्हणजे किलोमीटरला 54 पैसे. महिन्याला 900 किमी धरले तर साधारण 485 रुपये. 42 हजार वसूल व्हायला सात वर्षं दोन महिने, आणि गाडीच्या रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं 2027 मध्येच पुरी होतात. मग कशाला खोलायचं? डिकीत एक लिटरचा डबा ठेवायचा, पिते तर पिऊ दे. दोन महिने मी हेच ज्ञान सगळ्यांना वाटत होतो.

जुलैत गाडी थाड-थाड करायला लागली. प्लग काढले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर काळी ओली साय. चार प्लग नवे, 880 रुपये. मिस्त्री म्हणाला, ऑइल जळत राहिलं तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर स्वच्छ करणारा भाग) जाईल, ऑइलमधला फॉस्फरस त्याच्यावर बसतो आणि त्याचं काम थांबतं. त्याची किंमत विचारली आणि माझा 54 पैशांचा हिशेब मला अपुरा वाटायला लागला.

मग स्वस्तातले उपाय. ऑगस्टमध्ये कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या सल्ल्यानं 20डब्ल्यू-50 टाकलं. जाड ऑइल, कमी जळेल, हा जुना मंत्र, वडीलही स्कूटरला असंच करायचे. जळणं कमी झालं, खोटं का बोलू: 780 चे 950 किमी झाले. पण सकाळी इंजिन खडखडायला लागलं, कारण नव्या इंजिनांत तेलाच्या वाटा बारीक आणि जाड ऑइल वर पोचायला वेळ लागतो. आणि ॲव्हरेज 15 वरून 14 वर आलं. पुन्हा वही. ऑइलमध्ये वाचले किलोमीटरला 10 पैसे. पेट्रोल 106 रुपये धरून त्यात गेले 50 पैसे. म्हणजे 40 पैशांनी मी आणखी गरीब! ऑइलमध्ये ओतायची 600 रुपयांची एक बाटलीही मधे घेतली, तिच्याबद्दल लिहीत नाही, बायको वाचते.

ऑक्टोबरात मत पुन्हा फिरलं. तिसऱ्या मिस्त्रीनं, म्हणजे आमच्या ऑफिसातल्या ड्रायव्हरच्या ओळखीच्या उस्तादांनी, गाडीखाली वाकून ऑइल गळत नाहीये ना ते आधी बघितलं. पहिल्या दोघांनी तेही केलं नव्हतं. मग एक अंगठ्याएवढा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असेल तर खुळखुळ्यासारखा वाजतो. माझा गप्प होता, आत काजळी बसून अडकलेला. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली, वाफ इंजिनात परत ओढायचं काम तो करतो, अडकला की त्या वाफेबरोबर ऑइलही जातं. 380 रुपये. सोबत कंपनीनं सांगितलेलं पातळ ऑइल परत टाकलं. पुढचं माप आलं 1,150 किलोमीटरला लिटर. मी इतका खूश झालो की चारचौघांत सांगत सुटलो, 42 हजारांचं काम 380 मध्ये झालं. वहीत त्या दिवशीच्या पानावर मी चक्क चांदणी काढली आहे.

चांदणी खोडायची वेळ डिसेंबरात आली. भाचीच्या लग्नाला पुण्याला निघालो. मानपूर सोडलं की गणपती घाट, माळव्यावरून सरळ नर्मदेकडे उतार. पुढे ट्रकांची रांग. मी दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, इंजिनाच्या ब्रेकवर उतरलो. खाली सपाट रस्ता लागला, पाय दाबला, आणि आरशात मागचं जगच दिसेना. निळा ढग! मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला, तो शिवी समजावी की काळजी, मला अजून कळलेलं नाही. खलघाटला पुलाच्या अलीकडे थांबून अर्धा लिटर ओतलं. बायको म्हणाली, तुम्ही तर म्हणाला होतात झालं काम.

परतताना मात्र मी आरशातच बघत होतो. तोच घाट, आता चढ, गाडी भरलेली, इंजिन ओरडतंय, पाय पूर्ण दाबलेला. धूर अजिबात नाही. उतरल्यावर धूर आणि चढताना नाही, हे वहीत लिहून उस्तादांकडे गेलो. ते हसले. "तो फिर रिंग नहीं है, भिया. सील है." रिंग गेल्या असत्या तर जोर लावताना, चढावर, धूर जास्त आला असता. पाय काढून उतार उतरताना थ्रॉटल, म्हणजे हवा आत घ्यायची झडप, बंद असतं, आत जोराची ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हच्या दांडीवरचं सील कडक झालं असेल तर ऑइल तिथून खाली ओढलं जातं. मग पाय दाबला की ते सगळं एकदम जळतं. सकाळच्या धुराचंही तेच: रात्रभर थेंबथेंब झिरपलेलं ऑइल.

तरी मी कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणं) करायला लावली, 42 हजारांची भीती अजून होती. 170, 165, 170, 165. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा. रिंग खराब असतील तर हे ऑइल फटी बुजवतं आणि आकडा टणकन उडी मारतो. माझे जेमतेम पाच-दहानं वाढले. रिंग शाबूत!

पुढचं काम मी स्टूलवर बसून बघितलं, उस्तादांना आवडलं नसावं. हेड न काढता सील बदलले. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत कोंबायची आणि क्रँक हातानं फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीचा गठ्ठा व्हॉल्व्हखाली दाबून बसतो, म्हणजे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. चार रुपयांच्या दोरीनं हे होतं, हे मला अजून पटत नाही. निघालेले सोळा सील हातात घेतले तर रबर कसलं, वाळलेल्या आमसुलाचे तुकडे. दोन तर बोटांत मोडले.

बिल: सील 1,200, कव्हरचं गॅस्केट 450, मजुरी 4,500, प्लग पुन्हा 880, ऑइल आणि फिल्टर 1,950. एकूण 8,980. ऑइल-फिल्टर असंही बदलायचंच होतं, म्हणून मी 7,030 धरतो. उस्ताद म्हणाले, धरा.

जानेवारी ते जून 2025, 4,500 किमी झाले. वरून टाकलेलं ऑइल 600 मिली, म्हणजे साडेसात हजार किलोमीटरला लिटर, 54 पैशांचे साडेपाच पैसे. या चालीनं 7,030 रुपये मे 2026 च्या सुमारास वसूल होतील आणि त्यापुढचे दीड वर्ष फुकट. ज्या दोघांनी न तपासता रिंग सांगितल्या, त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. डीलरवरचा मात्र कमी झालाय, का ते कळत नाही.

काकांनी परवा विचारलं, "मशीन बंद केलंस का रे? डास वाढलेत."

डिपस्टिक अजून दर रविवारी बघतो. परवाही बघितली. वरच्या खुणेच्या केसभर खाली. मागच्या रविवारीही तिथेच होती, पण पुसून पुन्हा घातली.