पिल्लाची शी-शू : बाल्कनीत कागदावर की थेट बाहेर?

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या भाचीने कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिल्लू आणले असून, त्याला बाल्कनीत वर्तमानपत्रावर बसवावे की पहिल्या दिवसापासून खाली न्यावे, असा तिला प्रश्न पडला आहे.

आरोग्याच्या दृष्टीने सध्या कागद उजवा ठरतो, कारण पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा, विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि साधारण १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालणाऱ्या लसी पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांच्या वावराची जागा पिल्लासाठी धोक्याची असते. खर्चाचे म्हणाल, तर घरातली रद्दी पुरते.

श्रमांचा हिशेब मात्र फसवा आहे. पिल्लू पायांखालच्या स्पर्शावरूनही जागा ओळखायला शिकते. त्यामुळे कागदाची सवय झालेले पिल्लू पुढे बाहेर फिरून येते आणि घरात येताच खाली पडलेल्या पेपरावर बसते, यात खोडसाळपणा मुळीच नसतो. उलट बाहेर नेण्याची पद्धत सुरुवातीला दमवते, कारण झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ संपल्यावर आणि रात्रीही जिने उतरावे लागतात. जमीन हुंगत गोल फिरणे ही शी-शू लागल्याची खूण दोन्ही पद्धतींत सारखीच. चुकल्यावर पिल्लाचे नाक त्या घाणीत घासण्याचा जुना उपाय तर निव्वळ अपायकारक. त्यातून पिल्लू फक्त लपून करायला शिकते.

भाचीसारख्या फ्लॅटवाल्यांनी लसी पूर्ण होईपर्यंत कागद वापरावा आणि नंतर तो हळूहळू बंद करावा; गंगापूर रोडकडे कुंपणाचे अंगण असलेल्यांनी, तिथे भटकी कुत्री शिरत नसतील तर, कागदाच्या वाटेला जाऊच नये.