काचेवरचे ओरखडे ‘गायब’ करून देणाऱ्यांविषयी

ओल्या काचेवर बारीक ओरखडा दिसत नाही. घरी करून बघा. ओरखडे पडलेल्या काचेवरून ओला हात फिरवला की रेषा नाहीशा होतात, काच वाळली की परत हजर. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप, साधारण १.५२, पाण्याचा १.३३ आणि ग्लिसरीनचा १.४७. रेषेतल्या हवेची जागा अशा, काचेच्या जवळपास आकडा असलेल्या द्रवाने घेतली की प्रकाश तिथे फारसा विखुरत नाही, मग डोळ्यांना ती सापडतच नाही. आमच्या सोसायटीत गाड्यांच्या काचा नव्यासारख्या करायच्या ‘ग्लास रिस्टोरेशन’चा फ्री डेमो द्यायला आलेल्या माणसाचा अख्खा धंदा एवढ्यावर उभा होता.

गिऱ्हाईक त्याला आयतंच मिळालं. आमच्याकडे उन्हाळाभर टँकर नाहीतर बोअर, दोन्हीचं पाणी क्षारांचं. पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. गाडी धुवायच्या पाण्याची चौकशी कोण करतो? पोऱ्या भर उन्हात बादली ओततो, काच न पुसताच पुढच्या गाडीकडे जातो, थेंब जागेवर वाळतात आणि पांढरे ठिपके उरतात. पार्किंगमधली एकही गाडी त्यातून सुटलेली नव्हती.

डेमो झकास होता. पुढच्या काचेच्या मधोमध चिकटपट्टी लावली, एका बाजूला बाटलीतलं काहीतरी फडक्याने फिरवलं, डाग साफ! यात हातचलाखी नव्हती. आम्लाने हे क्षार विरघळणारच, स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरनेही विरघळतात. लोकांचा विश्वास बसला तो इथे. मग दुसऱ्या बाटलीतलं तेलकट द्रव्य चोळलं आणि वायपरचे ओरखडेही दिसेनासे झाले. वर पाणी शिंपडून थेंब कसे घरंगळतात ते दाखवलं. साध्या मेणानेही ते तसेच घरंगळतात, पण त्या गर्दीत हे कुणी बोललं नाही. सगळ्या काचांचे साडेचार हजार, सोबत तीन वर्षांच्या वॉरंटीचं चकचकीत कार्ड. पैसे यूपीआयने, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर.

शाम्पूने गाडी धुतली तेव्हा ओरखडे परत आले. एवढ्यावर भागलं असतं तर पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं. खरं नुकसान दारांच्या काचांचं झालं. दिवसा जेमतेम जाणवायचं, पण रात्री बाजूने हेडलाइट पडला की सगळी काच दुधाळ. आरसा बघायचा म्हणजे धुक्यातून बघणं. काचवाल्याने नख फिरवून सांगितलं, “साहेब, हा डाग नाही, आम्लाने काच खाल्लीये. आता बदलायचीच.” संडास धुवायच्या हायड्रोक्लोरिक आम्लाने काच खराब होत नाही (क्रोम आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मात्र होतात). काच खातात ती हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि बायफ्लुओराइडची द्रावणं. ती कातडीतून आत शिरतात आणि हाताची आग कधी कधी काही तासांनी सुरू होते. काम करणाऱ्या पोराच्या हातात मोजे नव्हते. त्याच्या मालकाचा राग मला पैशांपेक्षा यासाठी जास्त येतो.

विम्याचाही आधार नाही. अपघातात फुटलेल्या काचेवर घसारा कापत नाहीत, पण झीज त्यात बसत नाही.

म्हणून असला डेमो बघाल तर काच भांड्यांच्या साबणाने धुवायला लावा, पूर्ण वाळू द्या आणि तिरप्या उन्हात बघा. खऱ्या कारागिराची याला हरकत नसते. ताज्या डागांवर व्हिनेगरने भिजवलेलं सुती फडकं दहा मिनिटं ठेवून धुतलं तरी बहुतेक काम होतं. अगदी बारीक रेषांसाठी सेरियम ऑक्साइडची (काच पॉलिश करायची) पूड, फेल्टचा म्हणजे नमद्याचा गोळा आणि सतत पाणी, हा खरा उपाय. तो वेळखाऊ आहे, पाच मिनिटांत कुणी करून देत नाही. रंगावरचं रबिंग कंपाउंड काचेला लावू देऊ नका. ओरखड्यात नख अडकत असेल तर पॉलिशच्या नादी लागू नका. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. एकाच जागी घासत बसलं तर तापून तडकते, नाहीतर तिथे खळगा पडून पलीकडचं लहरी दिसतं. दारांच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात, खोल घासल्या की कमजोर होतात.

आमच्यापैकी ज्यांनी यूपीआयच्या नोंदी, कार्डाचा फोटो आणि काचेचे रात्रीचे फोटो जपून ठेवलेत, त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. बिल कुणाकडेच नाही. कार्डावरचा नंबर बंद आहे. खात्याचं नाव तेवढं हाताशी आहे, तक्रारीत तेच लिहिलंय.